पुण्याच्या हवेत ओळखलेले रेणू

१७ जानेवारी १९३५, पहाट

थंडी आधी कानांना झोंबते, मग पायांना. तुम्ही डोळे उघडता तेव्हा अंधार विरळ होत चाललेला असतो आणि समोर एक भली मोठी इमारत उभी असते. ही हवामान खात्याची कचेरी. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून पुणेकर तिला सिमला ऑफिस म्हणतात. आसपास झाडं आणि मोकळी जमीन. आज तुम्ही या भागाला शिवाजीनगर म्हणता, इथली जुनी माणसं मात्र भांबुर्डेच म्हणतात. लांबून टांग्याच्या घोड्याच्या टापा ऐकू येतात.

आवारात गवतावर लाकडी झडपांची एक पांढरी पेटी चार पायांवर उभी आहे. कानटोपी घातलेला एक निरीक्षक तिचं दार उघडतो, कंदील वर धरतो आणि आडव्या ठेवलेल्या तापमापकावर वाकतो. या तापमापकात पारा नसून अल्कोहोल आहे. त्यात बुडालेली एक बारीक काडी रात्रभर अल्कोहोलबरोबर मागे मागे सरकत जाते आणि तापमान सर्वांत खाली गेलं होतं तिथेच थांबून राहते. निरीक्षक आकडा वाचतो. खात्री पटत नाही म्हणून पुन्हा वाचतो.

"पस्तीस! अहो, पुण्यात पस्तीस!"

हे फॅरनहाइटमधले पस्तीस. तुमच्या हिशेबाने १.७ अंश सेल्सिअस. पुण्याच्या नोंदींमधलं सर्वांत कमी तापमान म्हणून हा आकडा तुमच्या काळातही सांगितला जातो. याच पहाटेसाठी तुम्ही इतके मागे आला आहात.

तुमच्या पिशवीत बर्फाचा डबा आहे आणि डब्यात सैल बुचाच्या तीन काचनळ्या. तिन्हींत पाण्यासारखा दिसणारा, रंग नसलेला द्रव. तिन्हींचं रेणुसूत्र एकच: कार्बन पाच, हायड्रोजन बारा. नळ्यांवर फक्त १, २, ३ हे आकडे. कुठल्या नळीत कोण आहे हे तुम्हाला शोधायचं आहे. साधनं दोन: एक वही आणि पुण्याची हवा.

वही आधी उघडा. हवेला विचारायचं तर काय विचारायचं ते ठाऊक हवं.

कार्बनचा प्रत्येक अणू चार बंध करतो, हायड्रोजन एकच. हा एवढाच नियम. हायड्रोजन सध्या बाजूला ठेवा. कार्बनचा सांगाडा जमला की रिकाम्या जागा हायड्रोजन आपोआप भरतो. पहिलं चित्र सोपं आहे. पाचही कार्बन एका ओळीत. ओळ सरळ काढा किंवा वाकडी काढा, कोण कोणाला जोडलंय हे बदलत नाही, म्हणून रेणूही बदलत नाही. पहिल्याच दिवशी हे मनात पक्कं बसलं नाही तर पुढे वहीची पानंच्या पानं एकाच रेणूच्या चित्रांनी भरतात.

आता टोकाचा एक कार्बन काढून हातात घ्या. ओळीत चार उरले. हातातला कार्बन टोकाला लावला तर पहिलंच चित्र परत येतं, म्हणून तो आतल्या कार्बनला लावायचा. दुसऱ्याला लावा. झालं दुसरं चित्र. मग तिसऱ्याला लावून बघा. दिसायला वेगळं दिसतं, पण वही उलटी फिरवा: जो इकडून तिसरा तो तिकडून दुसरा. म्हणजे नवीन काही मिळालं नाही.

आता दोन कार्बन काढा. ओळीत तीन उरले. हातातले दोन्ही मधल्या कार्बनला लावा. त्याचे चारही बंध कार्बनकडेच गेले. हे तिसरं चित्र. त्याऐवजी दोघांची जोडी करून एकाच ठिकाणी मधल्याला लावली तर? मग त्या चित्रातली सर्वांत लांब साखळी बोटाने मोजा. ती चार कार्बनची निघते आणि तिच्या दुसऱ्या कार्बनला एक फांदी. म्हणजे पुन्हा दुसरंच चित्र. ओळीत दोनच कार्बन ठेवायचा प्रयत्न केलात तर लावलेला प्रत्येक कार्बन साखळी लांबवतो. वाटा संपल्या.

तीन नळ्या आणि तीन चित्रं. सरळ साखळीचा नॉर्मल पेंटेन, एका फांदीचा आयसोपेंटेन, चारी बाजूंनी सारखा निओपेंटेन. दहावीच्या पुस्तकात याला रचना समघटकता म्हणतात: रेणुसूत्र एक, रचना वेगवेगळ्या.

वहीतली ही चित्रं खरी आहेत, हे माणसाला कळलं त्याला या पहाटेपर्यंत पाऊणशे वर्षंही झालेली नाहीत. रशियात कझानच्या विद्यापीठात अलेक्झांडर बुतलेरोव यांनी १८६१ पासून हेच मांडलं की प्रत्येक संयुगाला ठरावीक रचना असते आणि गुणधर्म त्या रचनेतून येतात. अशी चित्रं काढूनच त्यांनी ब्युटेन दोन आणि पेंटेन तीन असले पाहिजेत असं सांगितलं. त्यातला दुसरा ब्युटेन त्यांनी स्वतः तयार केला. चारी बाजूंनी सारखा पेंटेन त्यांचे शिष्य ल्वोव यांनी १८७० साली बनवला. आधी कागद, मग काचपात्र, असा हा क्रम होता.

आता नळ्या बर्फातून काढून गवतावरच्या स्टँडमध्ये लावा. निरीक्षकाला पेट्रोलसारखा वास येतो. तो कंदील उचलून लांब नेऊन ठेवतो. शहाणा माणूस. या द्रवांची वाफ चटकन पेट घेते.

उजाडलं तरी तिन्ही नळ्या शांत आहेत. निओपेंटेनचा उत्कलनांक ९.५ अंश, आयसोपेंटेनचा २७.७, नॉर्मल पेंटेनचा ३६.१. हे आकडे समुद्रसपाटीचे. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून इथे तिघेही दीड-दोन अंश आधीच उकळतात. पण या क्षणी पुण्याची हवा तिन्ही आकड्यांच्या खाली आहे. उघड्या अंगणात तिन्ही पेंटेन द्रव म्हणून शेजारी शेजारी उभे आहेत, हे दृश्य पुण्यात रोज मिळणारं नाही.

ऊन गवतावर येतं. दव विरायला लागतं. हवेचं तापमान आठच्या वर सरकतं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या नळीत तळाशी बारीक बुडबुडे धरतात. ते वर येतात, त्यांच्यामागून आणखी येतात, बूच थरथरतं. कुणी चूल पेटवलेली नाही, दिवा लावलेला नाही. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात एक द्रव उकळतो आहे. थोड्या वेळात नळी रिकामी होते.

वहीत लिहा: नळी २, निओपेंटेन.

कारण तिथेच, चित्राखाली लिहून ठेवा. तिन्ही रेणूंचं वजन सारखंच आहे, फरक अंगलटीचा आहे. शेवया एकमेकींना लांबीभर चिकटून राहतात, लाडू एकमेकांना एकाच ठिकाणी टेकतात. सरळ साखळीचे रेणू एकमेकांना लांबीभर स्पर्श करतात, त्यांच्यातली ओढ जास्त, ते वेगळे करायला उष्णता जास्त लागते. निओपेंटेन गोल, स्पर्श कमी, म्हणून सकाळच्या उन्हानेही सुटतो.

उरलेल्या दोन नळ्या पुन्हा बर्फात ठेवा. त्यांच्यासाठी वेगळा ऋतू लागणार.

एप्रिल १९५३, पाषाण रस्ता

आता घाम येतो आहे. स्वेटर काढून पिशवीत कोंबता. गणेशखिंडीतून पुढे आलेला रस्ता मोकळ्या माळावरून जातो, मागे टेकड्यांची पिवळी पडलेली उतरण, आणि समोर लांबलचक इमारत: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पुण्यात तिला सगळे एनसीएल म्हणतात. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. म्हणजे ही संस्था अजून सव्वातीन वर्षांचीच आहे.

संचालकांच्या खोलीवर पाटी आहे: जॉर्ज इंगल फिंच. हे फिंच १९२२ साली प्राणवायूची नळकांडी पाठीवर बांधून एव्हरेस्टवर तोवर कुणीही गेलं नव्हतं इतक्या उंचीवर पोहोचले होते. याच एप्रिलात हिलरी आणि तेनझिंग यांची तुकडी तिकडे तळ ठोकून बसली आहे, तीही प्राणवायू घेऊन. फिंच यांचं शास्त्रातलं काम इलेक्ट्रॉनांच्या झोतांनी पदार्थांच्या पृष्ठभागावरची अणूंची मांडणी पाहण्याचं. मांडणी कळली की वागणं कळतं, यावर त्यांचं सगळं काम उभं आहे.

नळ्या सावलीत, व्हरांड्याच्या कठड्यावर लावा. सकाळचे साडेदहा वाजलेत आणि हवा तिशीला टेकली आहे. बर्फातून काढलेली काच अंगावर बाष्प धरते, पुसलीत की परत धरते. मग पहिल्या क्रमांकाच्या नळीत बुडबुडे येतात. आयसोपेंटेन. एक फांदी, मधला उत्कलनांक, मधली वेळ. तिसऱ्या नळीत नॉर्मल पेंटेन असणार हे आता उघड आहे, पण दुपारपर्यंत थांबा. तर्काने कळलेलं डोळ्यांनीही पाहून घ्यावं.

तोवर आतून खडूचा आवाज येतो. एका खोलीत फळ्यासमोर एक संशोधक विद्यार्थिनी उभी आहे. साडीचा पदर खोचलेला, बोटं पांढरी झालेली. तुमच्या वहीकडे तिची नजर जाते.

"पेंटेन झाला वाटतं? मग हेक्झेन करा. सहा कार्बन, चौदा हायड्रोजन. किती होतात, सांगा बरं."

तुम्ही फळ्यावर चित्रं काढायला लागता. भराभर सात-आठ होतात. ती हसत नाही, घाईही करत नाही. म्हणते, "आता प्रत्येक चित्राखाली नाव लिहा."

नाव लिहायचं म्हणजे तीन कामं करायची. सर्वांत लांब साखळी शोधायची, मग ती ओळ वळलेली असो की उभी-आडवी असो. ज्या टोकाकडून फांदी जवळ पडते तिकडून आकडे टाकायचे. मग फांदी कितव्या कार्बनवर आहे ते लिहायचं. तुम्ही लिहू लागता तशी फळ्यावर गंमत उघडी पडते. ज्याला तुम्ही ४-मिथिलपेंटेन म्हणणार होता तो दुसऱ्या टोकाकडून २-मिथिलपेंटेन निघतो, आणि तो आधीच काढलेला आहे. चार कार्बनच्या ओळीवर दोन कार्बनची फांदी लावून जे चित्र काढलं होतं, त्यात लांब साखळी पाचाची आहे. ते ३-मिथिलपेंटेन ठरतं. ते पण आधीच आहे.

ती फडकं तुमच्या हातात देते. पुसत पुसत फळ्यावर पाच उरतात. सहा कार्बनची साखळी: एक. पाच कार्बनच्या साखळीवर एक फांदी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी: दोन. चार कार्बनच्या साखळीवर दोन फांद्या, दोन्ही एकाच कार्बनवर किंवा शेजारच्या दोघांवर: दोन. तीनच्या साखळीवर तीन फांद्या लावायला जावं तर मधल्या कार्बनपाशी दोनच बंध मोकळे असतात. इथे हिशेब बंद.

"पाच," तुम्ही म्हणता.

"पाचच का, सहावा का नाही, हे सांगता आलं म्हणून मी पाच मान्य करते," ती म्हणते.

हेच या विषयाचं मर्म आहे. समघटक सापडणं सोपं असतं. आणखी एकही उरलेला नाही हे दाखवणं हे खरं काम, आणि त्यासाठी शोध क्रमाने घ्यावा लागतो: लांब साखळीकडून आखूड साखळीकडे, प्रत्येक लांबीला फांद्यांच्या सगळ्या जागा संपवत. रीत हाती असली तरी मोजणीत मोठमोठेही घसरतात. इंग्लंडचे गणिती आर्थर केली यांनी १८७० च्या दशकात असे सांगाडे मोजायची रीत काढली, पण बारा आणि तेरा कार्बनांचे त्यांचे आकडे चुकले. बिनचूक मोजणीची पद्धत टेक्सास विद्यापीठातल्या हेन्झे आणि ब्लेअर यांनी १९३१ साली दिली. सात कार्बनांना ९, आठांना १८, नवांना ३५, दहांना ७५. वीस कार्बनांना ३,६६,३१९. तीस कार्बनांना चारशे अकरा कोटींहून जास्त. म्हणून हा अभ्यास पाठांतराने कधीच जमणार नाही. पेंटेन-हेक्झेनवर हाताला वळण लावून घेण्यातच शहाणपण आहे.

फळ्यावरचे पाच हेक्झेन कागदी नाहीत हे ती उत्कलनांक लिहून दाखवते. सरळ साखळीचा ६८.७. एका फांदीचे दोघे ६३.३ आणि ६०.३. दोन फांद्यांचे दोघे ५८ आणि ४९.७. फांद्या वाढल्या की आकडा उतरतो. सकाळी कठड्यावर पाहिलं तेच. पण शेजारच्या दोघांमध्ये काही ठिकाणी दोन-अडीच अंशांचंच अंतर आहे. त्यांना वेगळं करायला उंच स्तंभ लागतो. त्यात वाफ चढते, थंड होऊन उतरते, पुन्हा चढते. मांडणीतला फरक एका बंधाचा असला तरी तो वेगळा काढायला माणसाला दिवस दिवस उभं राहावं लागतं.

बाहेर रस्त्यावरून एक मोटार धूळ उडवत जाते. तिच्या इंजिनालाही हा फरक कळतो. पेट्रोल किती चांगलं हे ज्या ऑक्टेन अंकाने मोजतात तो १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी बसवला. सात कार्बनांच्या सरळ साखळीला शून्य आणि आठ कार्बनांच्या, तीन फांद्यांच्या एका समघटकाला शंभर. सरळ साखळी इंजिनात वेळेआधी पेटून ठोके देते, फांद्यांचा रेणू दम धरतो.

तीन वाजता व्हरांड्यात परत या. फरशी तापली आहे, टेकडीवरची हवा थरथरते आहे. पारा सदतिशीच्या आसपास. पुण्याच्या एप्रिलला हे नेहमीचंच. तिसऱ्या नळीत बुडबुड्यांची माळ उठली आहे. नॉर्मल पेंटेन. तिन्ही नळ्यांची ओळख पटली, आणि त्यासाठी पुण्याच्या दोन ऋतूंपलीकडे काहीच लागलं नाही.

जानेवारी १९८५, पुन्हा पाषाण

पुन्हा थंडी, पण १९३५ सारखी बोचरी नाही. झाडं मोठी झाली आहेत. फाटकाबाहेर स्कूटरींची रांग, सायकली, चहाच्या टपरीवर वाफ. प्रयोगशाळेच्या एका मागच्या खोलीत खिडकी रात्रभर उघडी राहिली आहे. तिच्या कट्ट्यावर चार बाटल्या. चौघींवर एकच रेणुसूत्र: कार्बन आठ, हायड्रोजन दहा.

वही उघडा. यावेळी सांगाडा ओळीचा नाही. सहा कार्बनांचं बेंझीनचं वलय आहे आणि उरलेले दोन कार्बन त्याला लावायचे आहेत. दोघांना एकत्र एकाच जागी लावलं की इथिलबेंझीन. वेगवेगळे लावले तर पहिला कुठेही लावा, वलयाला सगळ्या बाजू सारख्याच. दुसरा शेजारी लावला तर ऑर्थो, एक सोडून लावला तर मेटा, समोरासमोर लावला तर पॅरा. ही तीन झायलीनं. एकूण चार समघटक. चार बाटल्या.

कोणती कोण? उत्कलनांक इथे फारसे कामाचे नाहीत. ऑर्थोचा १४४.४, मेटाचा १३९.१, पॅराचा १३८.४, इथिलबेंझीनचा १३६.२. मेटा आणि पॅरा यांच्यात एका अंशाचंसुद्धा अंतर नाही.

बाटल्यांकडे नीट पाहा. तीन बाटल्यांतला द्रव हलवला की हलतो. चौथीतला हलत नाही. तिच्या आत पांढरे, अर्धपारदर्शक स्फटिक काचेला धरून बसले आहेत. बाटली उलटी केली तरी काही सांडत नाही. पॅराझायलीन १३.३ अंशांना गोठतं, आणि पाषाणच्या जानेवारीत रात्रीचा पारा सहज त्याखाली जातो. ऑर्थोला गोठायला उणे २५ लागतात, मेटाला उणे ४८, इथिलबेंझीनला उणे ९५. पुण्यातल्या एका थंड रात्रीने चौघींमधून एकीला वेगळं काढलं आहे. बाटली तळव्यात धरा. हाताच्या उबेने काचेलगतचा थर सुटतो आणि स्फटिकांचा गठ्ठा आत सरकू लागतो.

आता १९३५ च्या पानावर परत जा आणि एक ओळ वाढवा. उकळायला स्पर्श किती हे महत्त्वाचं असतं, गोठायला रेणू एकमेकांत किती नीट रचले जातात हे. नीटस, दोन्हीकडून सारखा रेणू स्फटिकात चटकन बसतो. म्हणूनच पॅरा इतक्या लवकर गोठतं. निओपेंटेनचंही तसंच आहे: उकळायला तो तिघांत सर्वांत हलका, पण गोठायला सर्वांत पुढे, उणे १६.६ अंशांना, नॉर्मल पेंटेन उणे १३० पर्यंत द्रव राहतो. मांडणी एकच, दोन वेगळ्या कसोट्यांना तिची दोन वेगळी उत्तरं.

ऑर्थो आणि मेटा ओळखायची रीत आणखी सुंदर आहे. ती इटलीत काम करणाऱ्या विल्हेल्म कोर्नर यांनी १८७४ साली मांडली. वलयावर तिसरा एक गट बसवा आणि किती वेगवेगळी संयुगं मिळतात ते मोजा. पॅरामध्ये उरलेल्या चारही जागा सारख्या आहेत, म्हणून एकच संयुग मिळतं. ऑर्थोमध्ये जागा दोन प्रकारच्या, म्हणून दोन. मेटामध्ये तीन. वहीत वलय काढा, आरशात पाहिल्यासारखं उलटवा आणि स्वतः मोजा. एक, दोन, तीन. रेणू कुणी पाहिला नव्हता त्या काळात केवळ या मोजणीवर कोर्नर यांनी अणूंच्या जागा ठरवल्या.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोलादी नळीभोवती विजेची भट्टी गुणगुणते आहे. या प्रयोगशाळेचे संचालक आता एल. के. दोराईस्वामी आहेत, आणि उत्प्रेरकांवरच्या या कामाचं नेतृत्व पॉल रत्नसामी करत आहेत. १९८४ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला आहे. त्यांच्यासमोरचा प्रश्न तुमच्या वहीतलाच आहे, फक्त बाटलीऐवजी टनांमध्ये. कारखान्यात झायलीनं मिसळूनच मिळतात. मिश्रण तापमानानुसार आपल्या तोलावर येतं तेव्हा त्यात पॅरा जेमतेम पाव भाग असतं, निम्म्याहून थोडं जास्त मेटा. बाजारात मागणी मात्र पॅराची, कारण त्याच्यापासून डीएमटी नावाचं रसायन बनतं आणि डीएमटीपासून पॉलिएस्टरचा धागा. पॅराचे दोन मिथिल गट समोरासमोर असतात, म्हणून त्यापासून बनणारा रेणू दोन्ही टोकांनी पुढच्याचा हात धरून सरळ साखळी विणत जातो. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत टेरिकॉटचे जे तागे उलगडले जात आहेत, त्यांचा सरळपणा तिथून आला आहे.

उपाय एका पांढऱ्या भुकटीत आहे. ही झिओलाइट जातीची, सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची स्फटिकं. त्यांच्या आत अर्ध्या नॅनोमीटरहून किंचित रुंद बोगदे. एनसीएलने तिला एन्सिलाइट हे नाव दिलं. पॅरा काढून घेतल्यावर उरलेलं मिश्रण तापवून हिच्यातून जाऊ द्यायचं. बोगद्यांतल्या आम्लधर्मी जागांवर मिथिल गट वलयावर शेजारच्या कार्बनकडे सरकतो. मेटाचं पॅरा होतं, ऑर्थोचं मेटा होतं. सडपातळ पॅरा बोगद्यातून चटकन बाहेर पडतं, रुंद अंगाच्या बाकीच्यांना वेळ लागतो. मिश्रण पुन्हा तोलावर येतं, त्यातून पुन्हा पॅरा काढता येतं. बडोद्याची आयपीसीएल आणि एसीसी या कंपन्यांसोबत ही पद्धत झायलोफायनिंग या नावाने बडोद्याच्या कारखान्यात उतरली, ती याच काळात. असे उत्प्रेरक तोवर परदेशातून आणावे लागत. पुण्यात शोधलेला उत्प्रेरक देशातल्या पेट्रोरसायनाच्या कारखान्यात चालला, ही या शहराने मनापासून अभिमान बाळगावी अशी गोष्ट आहे.

भट्टीसमोर बसलेला तरुण नळीतून येणारा थेंब थेंब द्रव बाटलीत घेतो, तिच्यावर वेळ लिहितो आणि तपासणीला पाठवतो. मग पुढची बाटली. तुम्ही खिडकीतलं पॅरा पाहिलंत तेव्हा निसर्गाने जे एका रात्रीत केलं, ते हवं तेव्हा, हव्या त्या प्रमाणात घडवायला माणसाला अशा किती बाटल्या भराव्या लागतात याचा इथे अंदाज येतो.

आज, तुमच्या टेबलावर

दहावीच्या विज्ञानात कार्बनी संयुगांचा धडा येतो आणि अकरावीत नावं द्यायचे नियम सविस्तर येतात. बहुतेक वर्गांत ब्युटेनचे दोन, पेंटेनचे तीन, हेक्झेनचे पाच असे आकडे पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: आकडा सांगू नका, मुलांच्या हातात खडू द्या. चुकीची चित्रं फळ्यावर येऊ द्या आणि नाव लिहायला लावून ती मुलांनाच पुसू द्या. पुण्यातल्या शिक्षकांनी जानेवारीतल्या आणि एप्रिलमधल्या तापमानाशेजारी पेंटेनचे तीन उत्कलनांकही मांडून दाखवावेत. उघड्यावर प्रयोग करायची गरज नाही, नुसते आकडे शेजारी ठेवले तरी मुलांना कळतं की वहीतल्या रेघेला बाहेरच्या जगात वजन आहे.

आणि तुम्ही शिक्षक नसाल, विद्यार्थी नसाल, तरी आज रात्री एक कागद घ्या आणि हेप्टेन सोडवा. सात कार्बन, सोळा हायड्रोजन. सातच्या साखळीपासून सुरुवात करा, मग सहा, मग पाच, मग चार. प्रत्येक चित्राखाली नाव लिहा. उत्तर नऊ येतं. दहा आले तर दोन चित्रांना एकच नाव मिळतं आहे, ते शोधा. आठच आले तर बहुधा ३-इथिलपेंटेन राहिलं असेल.